हुशारांची तुकडी आणि उरलेल्यांची

आमच्या शाळेत आठवीच्या तुकड्या सातवीच्या गुणांवरून पाडल्या जात. ‘अ’ तुकडीला गणिताचे अनुभवी सर मिळत, ‘ड’ तुकडीला बहुधा बदली शिक्षक, आणि एकदा ‘ड’मध्ये गेलेला मुलगा दहावीपर्यंत तिथेच राही. त्यामुळे गुणवत्तेनुसार विभागणी म्हटले की माझ्या मनात आधी विरोधच उमटतो.

तरीही केनियातील एका प्रयोगाने मला थबकायला लावले. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातील १२१ प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गाच्या दोन तुकड्या करवल्या. सुमारे निम्म्या शाळांत आधीच्या गुणांनुसार, इतरत्र चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षानंतर गुणांनुसार विभागलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तुकड्यांची प्रगती अधिक झालेली आढळली. मधल्या रेषेवर असलेली, थोड्याशा गुणांनी खालच्या तुकडीत गेलेली मुलेही मागे पडली नाहीत. मात्र तेथे कोणत्या तुकडीला कोणता शिक्षक द्यायचा हेही चिठ्ठीनेच ठरले होते, म्हणजे चांगला शिक्षक वरच्यांसाठी राखून ठेवलेला नव्हता. शिवाय सारख्या पातळीची मुले समोर आल्यामुळे शिक्षकाला त्या पातळीवरून शिकवता आले. आमच्या ‘ड’ तुकडीत मुले वेगळी काढली, पण धडा, वेग आणि परीक्षा ‘अ’च्याच राहिल्या.

मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची पद्धत मला याहून पटते. तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता बाजूला ठेवून, अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट यांपैकी काय वाचता येते यावरून, दिवसातील तास-दोन तास गटांत बसवतात आणि मूल पुढे सरकले की त्याचा गट बदलतो. उरलेला दिवस ते आपल्याच वर्गात असते.

ते वर्गात असणे मला महत्त्वाचे वाटते, कारण ‘कच्च्या मुलांमुळे आमचा मुलगा मागे पडेल’ ही पालकांची भीती बरीच फुगवलेली असते. दिल्लीतील महागड्या खासगी शाळांत गरीब मुलांना प्रवेश मिळाल्यानंतर अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी श्रीमंत वर्गमित्रांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे इंग्रजीचे गुण किंचित घटलेले दिसले, हिंदी-गणितावर परिणाम आढळला नाही, आणि गरिबांविषयीचा भेदभाव स्पष्टपणे कमी झाला होता. हा सौदा मी आनंदाने स्वीकारीन.