मॅम्बोचा जुमला झाला ते वर्ष

बाकी महाराष्ट्राला एक 15 ऑगस्ट पुरतो, आम्हा मराठवाडावाल्यांना निजामाच्या कचाट्यातून सुटल्याचा 17 सप्टेंबर वेगळा. सकाळी शाळेत झेंडा, हातात जिलेबीचा पुडा, आणि तिथून तसंच इस्त्रीच्या कपड्यात आमच्या मंडळाच्या संमेलनाला. मंडळ म्हणजे काय तर लातुरातले दोन-चार कॉम्प्युटरवाले सर, नेटकॅफेवाले, डीटीपीवाले आणि लिनक्स या मोफत कॉम्प्युटर सिस्टीमचं याड लागलेली आमच्यासारखी पोरं. गंजगोलाईच्या मागं एका ट्यूशनवाल्या सरांचा वरच्या मजल्यावरचा हॉल होता, त्या दिवशी क्लासला सुट्टी म्हणून फुकटात मिळायचा.

काय दिवस होते राव ते. औसा, निलंगा, उदगीरहून पोरं यायची, कुणी चादरीत गुंडाळलेला सीपीयू मांडीवर घेऊन यष्टीत बसलेलं, कुणाचा मॉनिटर जीपच्या टपावर. लोडशेडिंग असं की लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून मंडपवाल्याचं जनरेटर भाड्यानं आणायचं, आणि ते सुरू झालं की बोलणाऱ्याला माइक असून बी ओरडावं लागायचं. नाष्ट्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा), दुपारी निलंगा राईस. सुशीलात शेंगदाणे कमी पडले म्हणून दरवर्षी कुणीतरी रुसायचंच, त्याशिवाय संमेलन झाल्यासारखं वाटायचं नाही.

सगळ्यात जास्त आठवतं ते 2005 चं.

त्या टायमाला आम्ही सगळे मॅम्बोवाले. वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, मेलबर्नच्या मिरो नावाच्या कंपनीनं सुरू केलेलं आणि 2001 पासून जीपीएल लायसन्सखाली (म्हणजे कुणीबी वापरा, बदला, वाटा) मोकळं सोडलेलं. आडत दुकानदार असो की पतसंस्था, आम्ही मॅम्बो टाकून द्यायचो. मी तर एका शाळेची साइट करून 1500 रुपये बी घेतले होते, आयुष्यातली पहिली कमाई. म्हणून त्या वर्षीच्या बॅनरवर ‘मॅम्बो कार्यशाळा’ असं मीच हट्टानं लिहून घेतलं, ऑगस्टच्या सुरुवातीलाच, कापडी बॅनर, निळा ऑइलपेंट.

आणि ऑगस्टमधेच तिकडं राडा झाला. मॅम्बो या नावाचा ट्रेडमार्क मिरोकडं होता. कंपनीनं एक फाउंडेशन काढलं, म्हणे प्रोजेक्टला पैसा मिळावा आणि कोर्टकचेऱ्यांपासून संरक्षण व्हावं म्हणून. पण जे रात्र रात्र जागून कोड लिहीत होते त्यांचं म्हणणं, आम्हाला कुणी धड विचारलं नाही आणि आधी ठरलेलं बी मोडलं. 17 ऑगस्टला सगळी मुख्य टीम बाहेर पडली, टीमचा म्होरक्या अँड्र्यू एडी यानं जाहीर पत्र लिहिलं, आणि एका दिवसात हजाराच्या वर माणसं त्यांच्या मागं उभी राहिली. जीपीएलमुळं कोड सोबत नेता आला, नाव तेवढं नेता येईना. गणपती मंडळ फुटतं तेव्हा पावतीपुस्तक एकाकडं ऱ्हातं आणि ढोलवाली पोरं दुसरीकडं जातात ना, तसंच. 1 सप्टेंबरला त्यांनी नवीन नाव सांगितलं, जुमला.

सरांनी मला बॅनर घेऊन पेंटरमामाकडं पिटाळलं. मामा स्टुलावर बसून तंबाखू मळत होते.

“का रे, दुकान बदललं का?”

“नाही मामा, माल तोच हाय.”

“मग कारागीर पळाले व्हय?”

“ते बी तेच हायत, नवीन नावाखाली बसलेत.”

“मग जुन्या नावाखाली कोण ऱ्हायलं?”

“पाटी.”

मामा हसले आणि म्हणले, “मग पाटीचे साठ रुपये काढ.” जुन्या अक्षरांवर पांढऱ्याचा एक हात मारला, तो वाळायच्या आतच वरून ‘जुमला’ ओढलं. ‘ला’चा काना खाली ओघळला तो तसाच राहिला.

खरं सांगतो, मी मनातून मॅम्बोकडूनच होतो. हॉलमधे उभा राहून लंबं भाषण बी ठोकलं, की ज्यानं सुरू केलं त्याच्याशी इमान राखायला पाहिजे वगैरे. आतली गोष्ट अशी की शाळेची साइट परत करावी लागली तर फुकटात करावी लागंल ही भीती. सरांनी शांतपणे ऐकलं. नाव धरून ठेवणं म्हणजे पापच असं त्यांचं बी मत नव्हतं. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत एकानं 1994 मधे ‘लिनक्स’ हेच नाव स्वतःच्या नावावर नोंदवायला अर्ज टाकून नंतर लोकांकडं पैसे मागितले होते, ते भांडून सोडवावं लागलं, 1997 मधे लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सच्या नावावर झालं तेव्हा कुठं सगळे गप झाले. म्हणजे नाव कुणाच्या तरी हातात असावंच लागतं, भांडण असतं ते कुणाच्या यावर.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे एक चाचा उठले. तहसीलमधून रिटायर झालेले, सगळं शिक्षण उर्दूतनं, नातवासोबत आलेले, कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नाही. बॅनरकडं बोट करून म्हणले, “जुम्ला? अरे हा तर आमच्या दफ्तरातला शब्द. पानाच्या तळाला जुम्ला लिहून बेरीज मांडायचो आम्ही. सगळं मिळून.” सर उडालेच. कारण ते नाव स्वाहिलीतून घेतलेलं, अर्थ ‘सगळे मिळून’, आणि स्वाहिलीत तो अरबीतून गेलेला. लातूरच्या तहसिलीतला आणि आफ्रिकेतला शब्द एकच निघाला. (तेव्हा त्या शब्दाला आजचा राजकारणाचा वास नव्हता, म्हणून कुणी हसलं नाही.) मग आमच्या पद्धतीप्रमाणं हात वर करा झालं, मॅम्बोकडून तीन हात. त्यातला एक माझा, एक जनरेटरवाल्याचा, त्याला वाटलं जेवणाचं विचारूलालेत.

साइट बदलायला पुढं अर्धा तास लागला. पहिला जुमला म्हणजे जवळजवळ मॅम्बोच होता, डेटाबेस बी तोच. मी उगंच रुसून वर्षभर हलवली नाही. 2008 नंतर मॅम्बोचं काम थांबल्यातच जमा झालं.

नंतर अशी भांडणं आली की संमेलनात मलाच पुढं ढकलायचे, “मॅम्बो, बोल तू.” 2006 मधे डेबियननं, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारानं, फायरफॉक्स ब्राउझरचं नाव सोडून आइसवीझल घेतलं, नाव-लोगोच्या अटी जमेनात म्हणून. सरांनी त्याचं ‘बर्फमुंगूस’ केलं आणि पोरं तेच म्हणायला लागली, दहा वर्षांनी फायरफॉक्स परत आलं तरी काहीजणांच्या तोंडात बर्फमुंगूसच. 2010 मधे ओपनऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवाले ओरॅकल कंपनीला सोडून निघाले, लिब्रेऑफिस हे नाव त्यांनी तात्पुरतंच घेतलेलं, जुनं नाव मिळंल या आशेवर. ते काय मिळालं नाही. 28 सप्टेंबरची बातमी, म्हणजे आमचं संमेलन हुकलं, म्हणून 2011 ला एकच पेनड्राइव्ह हॉलभर फिरवून सगळ्यांच्या मशीनवर टाकलं. त्याच वर्षी प्रोग्रामरलोकांच्या हडसन या सॉफ्टवेअरचं जेन्किन्स झालं, परत ओरॅकल, परत नावावरूनच. मतदान 214 विरुद्ध 14. सर माइकवरून म्हणले, त्या 14 मधे आपला मॅम्बो असणार. हॉल नुसता फुटला.

संमेलन बंद पडून आता बरीच वर्षं झाली. हॉलच्या जागी कॉम्प्लेक्स आलं, निम्मी पोरं पुण्यात. बॅनर माझ्याकडंच हाय, घरी तुरीच्या पोत्यांवर टाकतो. उन्हानं पांढरा रंग तडकलाय, ‘जुमला’च्या फटीतून निळा ‘मॅम्बो’ डोकावतो, आणि ‘ला’चा तो ओघळ अजून तसाच.