देखभालीचा रकाना

एका गरीब वस्तीत पिण्याचे पाणी आणि शौचालये यावीत, म्हणून आमच्या चार जणांच्या गटाने एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा अंदाजपत्रक चोख होते, छायाचित्रे होती, घरोघरच्या सह्या आणि अंगठे होते. तरीही अर्ज परत आला. 'देखभाल' या रकान्यात मी 'स्थानिक समिती पाहील' एवढेच लिहिले होते आणि संस्थेने त्याखाली तांबड्या शाईने विचारले होते, की समितीतले कोण पाहील, कोणत्या अवजारांनी आणि कोणाच्या पैशांनी. मला ते निव्वळ खुसपट वाटले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला, असा एक परिच्छेद मी मोठ्या अभिमानाने अर्जात घातला होता. तोही 'आम्हांस माहीत आहे' असा शेरा मारून खोडलेला होता.

उत्तर शोधायला वस्तीत गेलो, तर ते उत्तर आधीपासून तिथे उभे होते. पूर्वी कोणा दात्याने बसवून दिलेला हातपंप गंजून पडला होता आणि देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र शाबूत होती. चौकशी केल्यावर कळले, की पंप बंद पडला तो पिस्टनवरचे वॉशर झिजल्यामुळे. तो इंडिया मार्क दोन जातीचा असल्याने वॉशर बदलायचे तर जमिनीखालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्याला खास पाने लागतात, चार-पाच माणसे लागतात आणि जाणकार मिस्त्रीही लागतो. तिथल्या एका आजी म्हणाल्या, "पंप दिला त्यांनी, पाना नाही दिला." पहिल्या अर्जातली आमची योजना नेमकी तशीच होती, फक्त पाटीवरचे नाव वेगळे झाले असते.

मग आम्ही सगळेच पुन्हा मोजायला घेतले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजमापात सुधारित, म्हणजे बाहेरच्या घाणीपासून सुरक्षित अशा बांधणीच्या, स्रोतावरून पाणी आणायला, रांगेसकट, जाऊन-येऊन ३० मिनिटांहून अधिक लागत नसतील, तरच त्या सोयीला 'मूलभूत' म्हणतात. पहाटेपासून घड्याळ घेऊन बायकांबरोबर चाललो, तेव्हा सर्वांत लवकर परतलेल्या बाईलाही पाऊण तासाहून जास्त वेळ लागला होता. पहिल्या अर्जात आम्ही याच परिस्थितीचे वर्णन 'पाणी उपलब्ध, परंतु अंतरावर' असे करून मोकळे झालो होतो.

पाण्याची तपासणी आम्हांला औपचारिकता वाटत होती. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या आत आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते, आणि हे दोन्ही डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाहीत, म्हणून नव्या कूपनलिकेचा नमुना आधी प्रयोगशाळेत गेला. तो निर्धोक निघाला. जिवाणूंच्या तपासणीसाठीचे नमुने बर्फात ठेवून, शक्यतो सहा तासांत पोहोचवावे लागतात; ती धावपळही केली. कूपनलिकेचे पाणी शुद्ध निघाले, पण त्याच पाण्याने भरलेल्या घरातल्या बहुतेक हंड्यांचे नमुने दूषित आले. पाणी वाटेत नव्हे, घरात बिघडत होते: उघडी भांडी, बुडवलेले पेले, लहान मुलांचे हात. त्यामुळे झाकणाची, तोटी असलेली भांडी आणि क्लोरीनचे द्रावण यांसाठी तरतूद मागितली. भांड्यांना 'बांधकाम' म्हणता येत नसल्याने ती मंजूर करून घ्यायला जेवढी पत्रे लिहावी लागली, तेवढी पंपासाठीही लागली नव्हती.

शौचालयांचा नकाशा तर पूर्णच बदलला. खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून किमान दीड मीटर वर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या पहिल्या आराखड्यातली तीन शौचालये कूपनलिकेच्या जवळ येत होती, ती हलवली. दोन खड्ड्यांची पद्धत निवडली, कारण एक भरला की दुसरा वापरात येतो आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यातला मैला किमान दोन वर्षांनी हाताळण्याजोगा होतो. खड्डा उपसायची पाळी कोणावर येणार, हा प्रश्न वस्तीत कुजबुजीने विचारला जात होता. तो उघडपणे बोलता आला, हे मला त्या बैठकांचे खरे फलित वाटते.

शेवटी त्या रकान्यात दीड पान मजकूर गेला. पंप इंडिया मार्क तीन जातीचा घेतला, कारण त्याचा पिस्टन पाइप न काढता वर ओढता येतो. वस्तीतल्या दोन जणींनी दुरुस्तीचे प्रशिक्षण घेतले. दर घरामागे महिन्याची लहानशी वर्गणी ठरली. रोज पाणी नेणाऱ्या बायकाच वर्गणी वेळेवर देतात हे दिसून आल्यावर समितीचा हिशेबही त्यांच्याकडेच गेला आणि यावर आमच्याच गटात दोन बैठका वाद झाला. अर्ज मंजूर झाला, पण निधी तीन हप्त्यांत होता, आणि शेवटचा हप्ता पंप वर्षभर चालल्याच्या नोंदींवर अवलंबून होता. तेव्हा मला ती अट जाचक वाटली होती.

आठव्या महिन्यात पंप जड चालू लागला. आम्हांला कळले ते दोन दिवसांनी, तेही योगायोगाने. दोघींनी वॉशर बदलून टाकले होते, वर्गणीतून नवी जोडी आणून पेटीत ठेवली होती आणि वहीत तारीख, लागलेला वेळ आणि शिल्लक रक्कम लिहिली होती. शेवटच्या हप्त्याच्या मागणीपत्राला मी त्याच पानाची छायाप्रत जोडली.