डाव्या हाताला समुद्र

जपानच्या शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या यात्रेत याकुओजी हे तेविसावं मंदिर आणि होत्सुमिसाकिजी हे चोविसावं. दोन्हींच्या मध्ये ७५ किलोमीटर रस्ता आहे आणि अठ्ठ्याऐंशींपैकी एकही मंदिर त्या रस्त्यावर नाही. शिकोकू बेटाची पायी प्रदक्षिणा करणारे बरेच जण हा टप्पा गाडीनं उरकतात. मध्ये काहीच नाही तर चालायचं कशाला, असं मलाही काहींनी विचारलं. मला मात्र हाच टप्पा चालायचा होता. पंढरीच्या वाटेवरही विठ्ठल शेवटीच भेटतो, आधीचे सगळे दिवस चालण्याचे असतात. ज्या घरात वारी आहे त्या घरात वाढलेल्या बाईला हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

जपानमधली ही वाट साधारण १२०० किलोमीटरची. कूकाई, म्हणजे लोक ज्यांना प्रेमानं कोबो दाइशी म्हणतात, त्यांच्या नावानं ती चालली जाते. हे आठव्या-नवव्या शतकातले संन्यासी, जन्मानं शिकोकूचेच. बेटावरचे चार प्रांत म्हणजे साधनेच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या तोकुशिमात मनात श्रद्धा जागी होते, दुसऱ्या कोचीत तप करायचं. कोचीतली वाट सगळ्यात लांब आणि मंदिरं सोळाच. कोचीचं जुनं नाव तोसा. ‘तोसा हा राक्षसांचा मुलूख, तिथे मुक्कामाला जागा नाही,’ असं पूर्वीचे यात्रेकरू म्हणायचे. माझा अनुभव अगदी उलटा, पण रस्त्याकडे पाहिलं की ते असं का म्हणायचे हे कळतं.

मी इकुमीहून उजाडता उजाडता निघाले. इकुमीची पुळण लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांची, इतक्या सकाळीही पाचसहा काळे ठिपके पाण्यात लाटेची वाट बघत बसलेले होते. तिथून मुरोतोचं टोक, जिथे चोविसावं मंदिर आहे, तीस किलोमीटरहून थोडं जास्त. यात्रेच्या वहीत शिक्का मारून देणारी मंदिरातली खिडकी संध्याकाळी पाचला बंद होते, म्हणून रेंगाळायला फारसा वाव नव्हता.

अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गवताची टोपली-टोपी, हातात काठी. पूर्वी वाटेत मरण आलं तर हाच सदरा कफन आणि हीच काठी थडग्यावरची खूण व्हायची. काठी म्हणजे खुद्द दाइशी, ते तुमच्याबरोबर चालतात, म्हणून एकटा यात्रेकरूही एकटा नसतो. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण खाली दाइशी झोपलेले असतील. त्यांना एकदा पुलाखाली रात्र काढावी लागली होती, अशी कथा आहे. मी पहिल्या दिवसापासून हा नियम मनापासून पाळला. पूल आला की काठी उचलून छातीशी धरायची, पलीकडे गेलं की पुन्हा टेकवायची. इतक्या छोट्या कृतीनं कुणीतरी सोबत असल्याची जाणीव पक्की होत जाते.

काठीच्या वरच्या टोकाला पाच अक्षरं असतात, सिद्धम् लिपीतली. सिद्धम् आपल्या नागरीच्या जवळची, त्यामुळे जरा निरखून पाहिलं की ओळख पटते: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. कूकाई चीनला गेले तेव्हा चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले होते. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या दूर नेलेली ही पाच अक्षरं माझ्या तळहाताखाली रोज घासली जात होती, आणि त्या दिवशी तर रस्त्यावर त्या पाचांखेरीज दुसरं फारसं काही नव्हतंच.

नोने हे निर्जन पट्टीआधीचं शेवटचं गाव. तिथे दारासमोर झाडत असलेल्या एका आजींनी मला पाहिलं, ‘ओहेन्रो-सान!’, म्हणजे यात्रेकरू, अशी हाक मारली आणि झाडू भिंतीला टेकवून आत गेल्या. परत आल्या त्या हातात चार छोटे नोने-मांजू घेऊन. आत गोड डाळीचं पुरण असलेले, एका घासाचे. याला ओसेत्ताई म्हणतात. यात्रेकरूला दिलेलं दान ते, आणि ते नाकारायचं नाही, कारण घेणारा तुमच्यामार्फत दाइशी असतो. मी माझ्या नावाची पांढरी चिठ्ठी, ओसामेफुदा, दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि माझ्या पायांकडे बघून काहीतरी काळजीनं विचारलं. मला शब्द कळले नाहीत. ‘दाइजोबु,’ ठीक आहे, एवढं मी म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. वारीत भेटेल त्याच्या पाया पडून ‘माउली’ म्हणतात, तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

नोने सोडलं की जवळपास दहा किलोमीटर घर नाही, दुकान नाही. जपानमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारं थंड पेयांचं यंत्रसुद्धा नाही. पाणी नोन्यातच भरून घ्यावं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सरळ उभा डोंगर, मध्ये रस्ता आणि लाटा अडवणारी काँक्रीटची भिंत. वळण घेतलं की पुढे तसंच आणखी एक वळण दिसतं. रस्ता आता डांबरी आहे. पूर्वी नव्हता. तेव्हा यात्रेकरूंना खालच्या दगडगोट्यांवरूनच उड्या मारत जावं लागायचं, ओहोटी साधून. भरती चुकली की संपलं. त्या जागेला ‘गोरोगोरो’ दगडांची म्हणतात, आणि तो आवाज मी ऐकला. लाट येते तेव्हा नेहमीसारखीच येते. परत जाताना मात्र डोक्याएवढे गोल धोंडे आपल्याबरोबर ओढत नेते आणि ते एकमेकांवर घासत, लोळत खाली जातात. प्रचंड मोठं जातं कुणीतरी अर्धा फेरा फिरवून सोडावं तसा तो आवाज. भिंतीवर टेकून मी ऐकत राहिले. पाचची खिडकी आठवूनही पाय निघेना. टाळ-मृदंगाशिवाय चालणं मला इथे सुरुवातीला फार जड गेलं होतं. त्या दिवशी ते जडपण गेलं. पुढचे दोन तास माझी पावलं आपसूक लाटांच्या तालावर पडत होती आणि तोंडात ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ होतं. ज्या वाटेवर हे म्हटलं त्या वाटेच्या देवाला ते परकं वाटलं नसणार, याची मला खात्री आहे.

ही निर्जन पट्टी संपते तिथे एक छोटी कुटी आहे. अठराव्या शतकात बुक्काई नावाच्या एका साधूनं या धोक्याच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या यात्रेकरूंना आसरा मिळावा म्हणून ती बांधली. तो स्वतः अनेकदा ही फेरी चाललेला होता, म्हणजे माणूस कुठे गळून पडतो ते त्याला पायांनी माहीत होतं. तिथे मांजू खाल्ले, बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला लावले. मोठमोठी देवळं राजेरजवाडे बांधतात. पण वाटेवर नेमक्या जागी एक छप्पर उभं करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

साकिहामाच्या पुढे ऊन तापलं, टाचा बोलू लागल्या. खांबाखांबावर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, त्सुनामी आली तर कुठे पळायचं त्याचे बाण आहेत. साकिहामा भागात तर कड्याच्या पोटात खोदलेला त्सुनामीपासूनचा निवाराही आहे. हा सगळा किनारा समुद्रतळाशी असलेल्या नानकाई खंदकाच्या भूकंपांच्या छायेत राहतो. १९४६च्या डिसेंबरातल्या भूकंपात मुरोतोचं टोक एक मीटरहून जास्त वर उचललं गेलं. लाखो वर्षं हेच चाललंय: जमीन वर येते, लाटा तिला तासतात, पुन्हा वर येते. टोकाजवळचे उभे खडक म्हणजे एकेकाळी आडवे असलेले खोल समुद्राच्या तळाचे थर आहेत. ही माहिती फलकांवर वाचली होती, पण खडकाच्या त्या उभ्या रेघांवरून हात फिरवताना छाती भरून आली. वडाच्या कुळातली आको नावाची झाडं त्या खडकांना मुळांनी कवळून उभी आहेत. १९३४च्या महावादळाला जगानं मुरोतोचंच नाव दिलं, इतकं हे टोक वाऱ्याच्या तोंडावर आहे.

मग दोर बांधलेली जोडखडकांची जागा, मग तरुण कूकाईंचा उंच पांढरा पुतळा, आणि त्याच्या थोडं पुढे मिकुरोदो.

ही गुहा. वरून दगड पडतात म्हणून शिरस्त्राण घालून आत जायचं. विशीच्या आसपासचे कूकाई इथल्या किनाऱ्यावर तप करत होते. आकाशगर्भ बोधिसत्त्वाचा मंत्र लाखो वेळा म्हणण्याचं ते अनुष्ठान. एका पहाटे शुक्रतारा त्यांच्याजवळ आला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तारा मुखात शिरला, असं परंपरा सांगते. गुहेच्या तोंडातून बाहेर पाहिलं. अर्धं आकाश, अर्धा समुद्र. आत लाटांचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होतो. जपानच्या पर्यावरण खात्यानं १९९६मध्ये जपून ठेवण्याजोग्या शंभर आवाजांची यादी केली, तिच्यात हा आवाज आहे. मी डोळे मिटून उभी राहिले आणि दिवसभर डाव्या कानानं ऐकलेलं दोन्ही कानांनी ऐकलं.

आणि मग, वरच्या मंदिराच्या पायवाटेला लागण्याआधी, आणखी एक कपार आहे. एका रात्रीत घडवलेली म्हणून तिची ख्याती. होत्सुमिसाकिजीत पूर्वी बायकांना प्रवेश नव्हता. त्या इथूनच, खालूनच, हात जोडायच्या. १८७२ साली सरकारनं डोंगरावरच्या देवस्थानांमधली ही बंदी उठवली. तोवर शतकानुशतकं बायका तेच ७५ किलोमीटर चालून आल्या, तेच धोंडे ओलांडून आल्या, तेच पाय सुजवून आल्या, आणि शेवटचा अर्धापाऊण किलोमीटर चढ त्यांना बंद होता. मला खूप राग आला. आजही येतोय. आपल्याकडेही काही गाभाऱ्यांच्या उंबऱ्यावर बायकांना कालपरवापर्यंत थांबवलेलं आहे, त्यामुळे हा राग परदेशातला म्हणून बाजूला ठेवता येईना. मी तिथे बसले. खिडकी बंद झाली तर झाली, म्हटलं. माझ्याजवळच्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर, इच्छा लिहायच्या जागी, ‘जिला वर जाता आलं नाही तिच्यासाठी’ असं मराठीत लिहिलं आणि ती चिठ्ठी घेऊन चढायला लागले.

चढ छोटा पण उभा आहे, झाडांच्या दाटीतून, दगडी पायऱ्यांचा. घामानं चिंब होऊन वर पोचले तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. मुख्य देव आकाशगर्भ. त्याच्यासमोरच्या पेटीत चिठ्ठी टाकली, मेणबत्ती लावली आणि हृदयसूत्र म्हटलं. मला ते जपानी उच्चारांत अडखळत म्हणावं लागतं, पण शेवटच्या ओळीला अडखळत नाही, कारण ती ‘गते गते पारगते’ आहे. शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याचा आणि माझा आवाज त्या ओळीवर एकत्र आला. आवारात खळगे पडलेली एक शिळा आहे, लहान दगडानं वाजवली की घंटेसारखी वाजते आणि तिचा नाद परलोकात पोचतो म्हणतात. मी ती त्या बायकांसाठी वाजवली, बरीच वाजवली.

वहीत शिक्का आणि काळ्या शाईतली सुंदर अक्षरं उमटली, आणि मी मंदिराच्याच यात्रीनिवासात मुक्काम केला. मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं असतं, नंतर स्वतःचे पाय. काठीचं टोक सकाळपेक्षा चांगलंच झिजून ब्रशासारखं पसरलं होतं.

जेवताना समोर एक वयस्क बाई बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या कान्नोउराहून गाडीनं आल्या होत्या आणि ते सांगताना दोनदा माफी मागितल्यासारखं हसल्या. हा टप्पा गाडीनं उरकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जे होतं ते त्यांच्यासमोर टिकलं नाही. फोनवरच्या अनुवादाच्या मदतीनं त्यांनी विचारलं, गोरोगोरो दगड वाजत होते का? त्यांच्या आईनं ते त्यांना लहानपणी सांगितलं होतं. मी तोंडानं तो आवाज काढून दाखवला. त्यांनी मान हलवली, आणखी खालच्या पट्टीत काढून दाखवला. मग शेजारच्या माणसानं आपला काढला. थोड्या वेळानं सगळं टेबल तो आवाज काढत होतं.

पंचविसावं मंदिर इथून साडेसहा किलोमीटर आहे. उद्या आम्ही दोघी तिथवर बरोबर चालणार आहोत, सावकाश, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल तसं.