बिबट्याबद्दल सगळे बोलतात, भेकराचं काय?

पावसाळा संपला की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला व्हिडिओ येतोच, कोणाच्या तरी गाडीच्या लाईटमध्ये बिबट्या रस्ता ओलांडतोय, आणि खाली लगेच मेसेज सुरू, फॉरेस्टवाल्यांना कळवा, पिंजरा लावा, उचलून चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडा. भीती खरी आहे, ज्याच्या गोठ्यातलं वासरू गेलं त्याला मी काय शहाणपण शिकवणार. पण ते वाघरू, म्हणजे आमच्याकडे बिबट्याच, खातं काय आणि कुठे, हा विषय कधी निघतच नाही, आणि मला वाटतं सगळं घोडं तिथेच अडलंय.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात चितळांचे मोठे कळप वगैरे दिसत नाहीत, ते ताडोबा-पेंचचं चित्र. इथलं रान दाट, चढउताराचं, आणि त्यातली जनावरं बहुतेक एकेकटी फिरणारी. वर घाटाच्या बाजूला सांबर, मोठा नर २०० किलोच्याही वर जातो. खाली गावाजवळ, काजूच्या बागांना लागून भेकर, कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. आणि पिसोरी, जी खरं तर हरणांच्या कुळातलीसुद्धा नाही, ३-४ किलोचं जनावर, शिंगं नाहीत पण नराचे वरचे सुळे बाहेर आलेले, रात्री हिंडणार आणि दिवसा ढोलीत नाहीतर दगडाच्या कपारीत बसणार. गावात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी पिसोरी बघितलेली नसते. भेकर मात्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं, संध्याकाळी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाने भुंकायला लागलं की बराच वेळ थांबत नाही, आणि जुनी माणसं बसल्या जागेवरून सांगतात, वाघरू उतरलंय.

ही जनावरं नुसती वाघाचं खाद्य म्हणून नाहीत हां. आवळे, उंबरं, जांभळं पडली की भेकर झाडाखाली येतं, आवळ्यासारखं फळ गिळतं आणि मग दुसरीकडे निवांत बसून रवंथ करताना त्यातली कडक बी तोंडातून टाकून देतं. मूळ झाडापासून लांब, सावलीत, गर निघालेली बी. आपण वनमहोत्सवात खड्डे मारून रोपं लावतो आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली निम्मी वाळलेली असतात, इथे ते काम भेकर वर्षभर करत असतं.

आता शिकार करणाऱ्यांचं. बिबट्याला सगळ्यात सोयीचं भक्ष्य म्हणजे २०-२५ किलोचं, एकटं फिरणारं जनावर, म्हणजे भेकरच. सांबराच्या मागे कोळसुंदे लागतात, रानकुत्रे, टोळीने, एकमेकांना शीळ घालत. लोक त्यांना क्रूर म्हणतात कारण ते जनावर मरायच्या आधीच खायला लागतात, पण त्यांचं तोंड लहान, वाघासारखं नरडं धरून मारणं त्यांना जमत नाही, आणि माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. पट्टेरी वाघाचा हिशोब तर अजून मोठा. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात, आणि तेवढी दरवर्षी जाऊनही कळप टिकायचा तर मागे ५०० तरी जनावरं हवीत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आमच्या तालुक्याच्या डोक्यावरच आहे तो, पण खुराकच कमी असेल तर दक्षिणेकडून आलेला वाघ तिथे ठरेल कशाला? सांबराची मादी आठ महिन्यांनी विते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू, त्यामुळे एकदा घटलेली सांबरं पुन्हा भरायला वर्षं जातात. बाहेरून आणून सोडणंही सोपं नाही, हरीण धरपकडीत इतकं घाबरतं की हाताळल्यावर तासाभरात नाहीतर दोन दिवसांनी जीव सोडू शकतं.

बरं उलटं झालं तरी चालत नाही. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर बघा, उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य, जेमतेम ११ चौरस किलोमीटर, कुंपण घालून आत हरणं सोडली, मोठा शिकारी कोणी नव्हता. ती वाढतच गेली, आतला चारा पुरेना आणि मग बाहेरच्या शेतात यायला लागली. शिकारी असला की हरणं एका जागी ठाण मांडून चरत नाहीत, सतत हलती राहतात आणि झाडोऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आणि ते उचलून नेऊन सोडा म्हणणाऱ्यांसाठी जुन्नरचं सांगते, कारण तिथे हे करून झालंय. २००१ ते २००३ मध्ये ऊसपट्ट्यातून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले आणि त्यातले बरेच दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केलाय, माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर, आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा घ्यायला दुसरं तरुण जनावर तयारच.

मग करायचं काय, तर कोकणात ही गोष्ट सरकारपेक्षा आपल्याच हातात जास्त आहे, कारण रत्नागिरी जिल्ह्यातलं जंगल बहुतेक मालकीचं आहे. दहा-बारा वर्षांनी ठेकेदार येतो, भाऊबंदांच्या सह्या होतात आणि अख्खा डोंगर एका सीझनमध्ये भुईसपाट, सगळा लाकूडफाटा ट्रकमधून बाहेर. पैसे लागतात, कळतं मला, पण पऱ्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी आणि उंबर-आवळ्याची झाडं ठेवून बाकीचं टप्प्याटप्प्याने तोडलं तरी भेकराला लपायला जागा राहते. सड्यावरचे, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचे वणवे तर कोणाच्याच फायद्याचे नाहीत, कोवळा पाला जातो आणि वर कोणाची तरी कलमंही जळतात.

सगळ्यात वाईट ती फासकी. मोटरसायकलच्या क्लचची वायर, तिचा सरकता फास करून गडग्याच्या (दगडी बांधाच्या) खिंडारात, जिथून जनावरांची रोजची वाट असते तिथे खुंटीला बांधतात. लावतात डुकरासाठी, डुकराचा त्रास खोटा नाही, भुईमूग आणि कणगरांचे कंद एका रात्रीत उकरून जातात. पण फास काय बघून धरत नाही. भेकर अडकतं, बिबट्या कंबरेत अडकतो आणि जितका हिसडे देतो तितकी वायर आत रुतते, सोडवला तरी आतून चिरडलेला असतो, बऱ्याचदा मरतोच. आणि भेकराला फासात संपवायचं, मोकळ्या कुत्र्यांना रानात सोडायचं, वर वाघरू दारात आलं म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही. हेही सांगायला हवं की रान भरलेलं असलं तरी बिबट्या कुत्र्यासाठी येणारच, त्याला ते सोपं पडतं. म्हणून गोठ्याला दार हवंच, कोंबडीची आतडी-पिसं रस्त्याकडेला टाकणं बंद हवं.

अजून एक, हे दरवर्षी होतं म्हणून लिहितेय. काजूच्या बागेत गवत काढताना भेकराचं पिल्लू सापडतं, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पाय पोटाखाली घेऊन बसलेलं, जवळ गेलं तरी हलत नाही. आमच्या शेजारचे काका असंच एक घरी घेऊन आले, म्हणाले, "आयस टाकून गेली गो त्याला, कुत्र्यांनी फाडलं असतं." बाटलीने गाईचं दूध पाजलं, दुसऱ्या दिवशी हगवण लागली आणि गेलं. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, दोन दिवस जेवले नाहीत नीट. पण आईने टाकलेलं नसतं ते. पिल्लाला फारसा वास नसतो म्हणून आई त्याला गवतात बसवून लांब चरायला जाते आणि पाजायला परत येते, आपण तिथे उभे असेपर्यंत येत नाही एवढंच. तेव्हा सापडलं तर हात न लावता मागे फिरा, त्या दिवशी तेवढा तुकडा साफ करू नका, कुत्री बांधून ठेवा. जखमी दिसलं, किंवा फासात काही अडकलेलं दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ ला फोन करा आणि माणसं गोळा करून त्याच्याभोवती मोबाईल घेऊन उभे राहू नका.