हात थरथरतो, मग चित्रं कशी काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. वाईच्या घाटावर रंगवत बसलो की मागे येऊन उभी राहिलेली शाळकरी पोरं विचारतात, "आजोबा, तुमचा हात थरथरतोय, कळतंय का तुम्हाला?" ऑफिसातले जुने दोस्त विचारतात, "लेका, तुला कपबशी धरवत नाही, निम्मा चहा बशीत असतो, आणि देवळं कसली काढतोस?" मध्यंतरी एका लग्नात एका बाईंनी हाच प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला. त्यांना माझ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारायचं होतं. उजवा हात त्यांनी पदराखाली ठेवला होता.

थरथर कसली ते आधी सांगतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात हलताना दिसला की लोक लगेच पार्किन्सनवर जातात, पण हा तो नव्हे. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा हात मांडीवर स्वस्थ असताना हलतो. माझं उलटं आहे. मांडीवर असला की गरीब गाय, काही धरायला गेलं की झाला सुरू. न्यूरॉलॉजिस्टनी कागद पुढे सरकवून आतून बाहेर वळत जाणारं एक वेटोळं काढायला सांगितलं. ही त्यांची नेहमीची तपासणी. माझं वेटोळं भलतंच दातेरी आलं. "नोकरी कसली होती?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "सरळ रेघा मारायची."

खोटं नव्हतं ते. पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर होतो, सरकारी मराठीत अनुरेखक. धरणाचे, कालव्याचे क्रॉस सेक्शन, म्हणजे आडव्या छेदाचे नकाशे, पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचे. रॉटरिंगचं पेन, टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, आणि चुकलेली रेघ खरवडायला दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा. प्रिंट काढायच्या खोलीत अमोनियाचा असा भपकारा असायचा की सर्दी झालेला माणूस तिथे एक चक्कर मारून मोकळा होऊन यायचा. नंतर कॉम्प्युटर आले आणि आमची टेबलं एकेक करून व्हरांड्यात गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मीही बाहेर पडलो. आता निवांत वाई-मेणवलीचे घाट, वाडे, देवळं पेनाने काढायची असा बेत होता. कागद आणून ठेवले होते. तोवर हाताने आपलं सुरू केलं.

हायस्कूलातून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे एक सर आमच्या आळीत राहतात. त्यांनी माझी पेनाची चित्रं पाहिली. वाईट आहेत असंही म्हणाले नाहीत, चांगली आहेत असंही नाही. म्हणाले, "पेन ठेवा आता. पाण्याचे रंग घ्या. तिथे रेघ तुम्हाला मारायची नसते, पाणी मारतं." मला वाटलं, मास्तरांनी समजूत घातली. पण ती समजूत नव्हती, तंत्र होतं.

आकाश रंगवायचंय असं समजा. बोर्डावर चिकटवलेला कागद वरच्या बाजूने जरा उचललेला हवा. मी खाली पट्टीचा ठोकळा ठेवतो. इंचभर रुंदीचा चपटा ब्रश रंगात चिंब भिजवायचा आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ओढायचा. ओढला की त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साठून राहतं, फुगीर, आता ओघळेल की मग असं. पुढचा पट्टा ओढताना ब्रशने ते साठलेलं पाणी उचलून खाली न्यायचं. म्हणजे वरच्या पट्ट्याची खालची कड, जिथे माझी थरथर उमटलेली असते, तीच पुढच्या पट्ट्यात विरघळते. कागद वाळल्यावर आकाशात थरथर शोधून दाखवा. यात हाताच्या नेमकेपणापेक्षा वेळेला महत्त्व जास्त. कागद तिरपा धरून उजेडाकडे बघायचं. लखलखतोय तोवर काही घालाल ते पसरणार. चमक मंदावली की ढगाची कड काढून घ्यायची. चमक गेली की ब्रश खाली ठेवायचा, कितीही हात शिवशिवला तरी. एप्रिलमध्ये हे सगळं मिनिटभरात उरकतं. श्रावणात एक आकाश वाळेपर्यंत माझा नाश्ता, पेपर आणि शेजाऱ्यांशी गप्पा होतात, तरी ते ओलंच असतं.

अर्थात सगळं चित्र म्हणजे आकाश नव्हे. बारीक कामाला मी दोन उपाय केलेत, दोन्ही फुकटातले. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर डाव्या हातात एक काठी धरायचे. तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा असायचा. तो पाटीवर टेकवायचा आणि उजवं मनगट काठीवर ठेवून अक्षरं काढायची. वॉटरप्रूफिंग, टायर रिमोल्डिंग, सगळं काही सुबक यायचं. मी हातातली चालायची काठीच त्यासाठी वापरतो. दुसरा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ब्रशच्या दांड्यावर चढवायचा. दांडा जाड झाला की तो आवळून धरावा लागत नाही, आणि जितकं कमी आवळाल तितका हात कमी हलतो. पेन्सिलही मी आता टोकाशी धरत नाही. मागून धरतो आणि रेघ खांद्यातून काढतो. बोटांपेक्षा खांदा शहाणा आहे.

काही ठिकाणी तर थरथर उपयोगीच पडते. बाभळीच्या फांद्या, कौलांच्या कडा, पडक्या वाड्याच्या गिलाव्याचे पोपडे. धडधाकट हाताची पोरं या गोष्टी फार नीटनेटक्या काढतात. माझ्या त्या आपोआप बिघडतात, म्हणजे हव्या तशा येतात. नदीवर ऊन चमकतं ते ठिपके तर मी ऑफिसातलंच हत्यार काढून करतो. रंग पूर्ण वाळला की पात्याचा अर्धा तुकडा आडवा, अगदी हलका ओढायचा. कागदाचा पांढरा उघडा पडतो. इतकी वर्षं जे पातं चुका खरवडायला वापरलं त्याने आता ऊन पाडतो, याची मला अजून गंमत वाटते.

जे जमत नाही ते मी काढत नाही. मेणवलीच्या घाटावरच्या देवळात वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर मेरीची आकृती आहे. ती मी काढायला जात नाही. घंटा म्हणजे कमानीखाली एक गडद आकार, बस्स. ढोल्या गणपतीचं देऊळ मात्र मी मागून काढतो, जिकडून फारसं कुणी बघत नाही. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, कृष्णेचा पूर आला तर पाणी दोन्ही बाजूंनी फाकून जावं म्हणून. पुलाच्या खांबाला आम्ही हेच करायचो, कटवॉटर म्हणायचो त्याला. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या देवळात ते बघून पाटबंधारे खात्यातल्या माणसाला जे वाटतं ते चित्रात आणायला अजून जमलेलं नाही, पण त्याचा हाताशी काही संबंध नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळले की आपल्या काळ्या दगडाचा रंग होतो. कुठे निळसर, कुठे तांबूस. काळ्या रंगाची ट्यूब मी विकतच घेत नाही.

डोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही, पण तेही सांगतो, कारण मला स्वतःला त्याचं जास्त नवल वाटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं. डावा काही आठवडे तसाच होता. त्या काळात मी आलटून पालटून एकेक डोळा झाकून जग बघायचो. डाव्याने सदरा पिवळट, उजव्याने तोच सदरा निळसर पांढरा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं, पण ते इतकं हळू होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. जुनी चित्रं काढून बघितली तर सावल्यांमध्ये मी वाट्टेल तेवढा निळा ओतलेला. फ्रान्सचा चित्रकार मोने याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३मध्ये झालं, ब्याऐंशीव्या वर्षी, आणि नंतर त्यालाही रंगांनी असंच छळलं. मला छळबिळ काही वाटलं नाही. चकटफू नवी रंगपेटी मिळाल्याचा आनंद झाला.

अशा थोर लोकांची नावं ज्येष्ठ नागरिक संघातल्या भाषणांत फार ऐकवतात. फ्रान्सच्याच चित्रकार मातीसचं बघा, १९४१मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, तरी कात्री घेऊन रंगीत कागद कापत राहिला! बरोबर आहे, पण त्यातलं 'तरी' मला पटत नाही. आधी करायचा तेच तो हट्टाने करत बसला नाही. अंथरुणात बसून जे हत्यार चालवता येईल ते त्याने हातात घेतलं. त्यापेक्षा मला आपले सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर जवळचे वाटतात. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधलं त्यांचं समई घेतलेल्या बाईचं चित्र, 'ग्लो ऑफ होप', सगळ्यांनी कॅलेंडरवर तरी पाहिलेलं असतं. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात आणि तेलरंगातलं समजतात. ते जलरंगातलं आहे, आणि काढलं तेव्हा हळदणकरांनी साठी ओलांडलेली होती. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड पाण्याच्या रंगात कसा आणला असेल, या विचाराने माझी एखादी दुपार आरामात जाते.

"वेळ छान जात असेल ना?" असंही लोक म्हणतात. वेळ जायला टीव्ही आहे की. मी रंगवतो ते आकाश एका दमात उतरतं तेव्हाच्या मजेसाठी. ते दर वेळी उतरत नाही, म्हणून तर मजा.

आता त्या लग्नातल्या बाईंसाठी. आधी डॉक्टरांना हात दाखवा. थायरॉइडमुळेही हात थरथरतो आणि मग औषध वेगळं. चहा-कॉफीने माझी थरथर वाढते, म्हणून मी चित्र आधी आणि चहा मागून ठेवलाय. रंग कॅम्लिनच्या ट्यूब चालतील, त्याही सुरुवातीला तीनच घ्या: एक निळा, एक पिवळा, एक तांबडा. ब्रश एक मोठा. पैसे कागदावर खर्च करा, ३०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) खालचा घेऊ नका. पातळ कागद पाणी पडलं की पापडासारखा वाकतो आणि माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा, नाहीतर दमट होऊन रंग डागाडागाने शोषतो. आणि पहिले काही आठवडे वस्तू काढूच नका. नुसते पट्टे ओढा.

रविवारी सकाळी मी गणपती घाटावर असतो, पाऊस नसेल तर. या. बसायला स्टूल आणि रंगाला पिण्याच्या पाण्याची बाटली आपापली आणायची. काठी माझ्याकडे जादा आहे.