घास का पिवळा पडत होता

आमच्या नगर भागात नुसतं घास म्हटलं की लसूणघासच, म्हणजे एकदा पेरला की पुन्हा पुन्हा कापता येणारा जनावरांचा हिरवा चारा. आमचा वीस गुंठ्यांचा प्लॉट आहे, तिसरं वर्ष चालू, दर 25-30 दिवसांनी कापणी. मागच्या पावसाळ्यापासून रस्त्याकडच्या कोपऱ्यातला घास पिवळा पडायला लागला, गुडघ्यालाही येईना, आणि आतला मात्र हिरवागार. बी तेच, पाणी तेच, खत तेच. मी तिथं दोनदा जादा युरिया टाकला, काही फरक नाही.

शेवटी कुदळ घेतली आणि खणलं. वीतभर खाली माती इतकी घट्ट की कुदळ शिरेना, ढेकूळ फोडलं तर चपटे थर निघाले, आणि सोटमूळ सरळ खाली जायचं सोडून तिथून आडवं वळलेलं. आतल्या बाजूला खणलं तर माती रवाळ, गांडुळांची भोकं, मूळ हातभर खाली गेलं तरी टोक सापडेना.

त्या कोपऱ्यात आम्ही भरलेली ट्रॉली वळवतो, तेही ओल्यात, कारण गायींना चारा रोज लागतो, वाफसा यायची, म्हणजे जमीन बेताची सुकायची, वाट कोण बघतं? चांगल्या जमिनीत जवळपास निम्मी जागा पोकळच असते, त्यात पाणी आणि हवा दोन्ही राहतात, आणि काळी माती ओली असताना दाबली की आधी मोठ्या पोकळ्या बसतात, म्हणजे हवाच जाते. घासाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात, त्या जिवंत असल्या की आतून गुलाबी दिसतात. कोपऱ्यातल्या गाठी फोडल्या तर तपकिरी. मुळांना हवाच नाही, युरियानं काय होणार तिथं.

गहू-कांदा निघाला की नांगरट होते, घास मात्र तीन-चार वर्षं उभा, घट्ट थर मोडायची संधीच नाही, म्हणून चाऱ्याच्या पिकात हे जास्त जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मारून वरची माती पिठासारखी दिसते, त्यावर जाऊ नका, खालचा थर तसाच राहतो.)

मे महिन्यात तेवढाच कोपरा मोडला, जमीन पूर्ण वाळलेली असताना सबसॉयलर (खोलवरचा घट्ट थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारला, ओल्यात मारला असता तर नुसती चीर पडली असती, थर फुटला नसता. मग हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून गाडला, शेणखत घातलं, नोव्हेंबरात घास पेरला. ट्रॉली आता बांधावरच उभी राहते, भारे डोक्यावर आणतो, आईची कुरकुर असते पण आणते. आणि कापणीआधी मूठभर माती दाबून बघतो, गोळा बोटानं फुटला तरच विळा.

जानेवारीत पहिली कापणी झाली. अजून आतल्याइतका उंच नाही, पण पिवळा नाहीये.