केबेकच्या बागेतला डलहौसी

सातारकरांना डलहौसी कोण हे सांगावं लागत नाही. १८४८ साली दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा करणारा तो गव्हर्नर जनरल. त्याच्या वडिलांचं नाव मला इथे भेटलं, कॅनडातल्या केबेक शहराच्या एका बागेत. वडीलही डलहौसीच, १८२० ते १८२८ या काळात इथले गव्हर्नर. त्यांच्या पुढाकाराने इथे दगडी स्तंभ उभा राहिला, आणि त्यावर एकमेकांविरुद्ध लढून मेलेल्या दोन सेनापतींची नावं आहेत: इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाम. दोघांनाही पराक्रमामुळे सारखंच मरण आलं, अशा अर्थाचा लॅटिन लेख खाली कोरलाय.

ही लढाई १७५९ ची. सबंध उन्हाळा इंग्रजांच्या तोफा सेंट लॉरेन्सच्या पैलतीरावरून, लेव्हीहून, शहरावर आग ओकत होत्या. नदीकाठची खालची वस्ती जवळजवळ बेचिराख झाली. तरी शहर पडेना. मग १३ सप्टेंबरच्या पहाटे वुल्फचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक अंधारात कडा चढून वरच्या पठारावर आले. माँकामने कुमकेची वाट न पाहता तटाबाहेर येऊन हल्ला केला आणि तासाभरात सगळं संपलं. वुल्फ रणांगणावरच गेला, माँकाम दुसऱ्या दिवशी सकाळी. इंग्रज-फ्रेंचांच्या याच युद्धाच्या ओघात चार महिन्यांनी आपल्याकडे, तमिळनाडूतल्या वांदिवाशलाही फ्रेंच हरले.

तरी इथे आज दुकानात, बसमध्ये, शाळेत फ्रेंचच ऐकू येते. मला या शहराचं सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते याचंच. १७७४ च्या केबेक कायद्याने इंग्रजांनी जितांना त्यांचा कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा ठेवू दिला. त्यामागे औदार्यापेक्षा हिशेब होता. दक्षिणेकडच्या तेरा वसाहती बिथरल्या होत्या, इथली माणसं तरी शांत राहायला हवी होती. पुढच्याच वर्षी अमेरिकन बंडखोर खरोखर चालून आले आणि ३१ डिसेंबरच्या हिमवादळात इथे हरले. नंतर लाकूड आणि जहाजबांधणीच्या धंद्यामुळे इंग्रजी बोलणारे इतके आले की १८६० च्या सुमारास ते शहरात ४० टक्क्यांच्या घरात होते. धंदा माँट्रियलकडे सरकला तसे तेही पांगले.

तटबंदी मात्र जेमतेम वाचली. १८७१ मध्ये ब्रिटिश पलटण गेल्यावर लोकांनी रस्ते रुंद करायला वेशी पाडायला घेतल्या. त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी आग्रह धरून तट राखला. मेक्सिकोच्या उत्तरेला असा तट शाबूत असलेलं हे एकच शहर, म्हणून १९८५ पासून ते जागतिक वारसा आहे. नदीवरच्या लांबलचक लाकडी सज्जालाही डफरिनचंच नाव आहे. हेच डफरिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. त्यांच्या कारकिर्दीत ब्रह्मदेशचं राज्य बुडवलं गेलं आणि थिबा राजा कैदी म्हणून रत्नागिरीला आला.

एकाच सत्तेचे हे दोन चेहरे पाहून मला राग येतो. फ्रेंचांना मान मिळाला, कारण ते युरोपातले, बरोबरीचे. इथल्या मूळ माणसांच्या वाट्याला तो आला नाही, आणि यात फ्रेंचही मागे नव्हते. १५३५ साली फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आला तेव्हा इथे स्ताडाकोना नावाचं गाव होतं, डोन्नाकोना त्याचा प्रमुख. त्या हिवाळ्यात कार्तिएची माणसं स्कर्व्हीने, ताज्या फळं-भाज्यांअभावी होणाऱ्या रोगाने, पटापट मरत होती. डोन्नाकोनाच्या मुलाने, दोमागायाने, झाडाच्या साल-पानांचा काढा सांगितला म्हणून उरलेली जगली. वसंतात कार्तिएने डोन्नाकोनाला पकडून जहाजावर घातलं. तो फ्रान्समध्येच मेला.

१६०८ मध्ये शाँप्लँ हा दुसरा फ्रेंच वसाहत करायला आला तेव्हा स्ताडाकोना उरलंच नव्हतं. शाँप्लँच्या २८ माणसांपैकी पहिल्या हिवाळ्यात ८ वाचली. शहराचा अधिकृत जन्म त्या वर्षीपासून मोजतात. माझ्याकडे पाहुणे आले की मी मात्र गोष्ट डोन्नाकोनापासून सुरू करते, आणि स्तंभाकडे नंतर नेते.